क्षमाही करायची आणि न्यायही मागायचा: प्रार्थना नेमकी कशी करावी?

शब्दवेल

'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना आपण क्षमेची अट स्वतःवर घालून घेतो. मत्तय ६:१४-१५ मध्ये येशू तीच अट पुन्हा, अधिक कडक शब्दांत सांगतो. दुसरीकडे लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाच्या दारात रोज उभी राहते, 'माझा न्याय करा' म्हणते, आणि येशू तिचं कौतुक करतो. स्तोत्र १०९ तर त्याही पुढे जातं, वैऱ्याची मुलं पोरकी होवोत इथवर.

प्रश्न व्यवहारातला आहे. अन्याय झालेल्या कुटुंबासाठी उपासनेत प्रार्थना करायची वेळ आली की दोनच सूर ऐकू येतात. एक, 'प्रभू, यांना क्षमा करायला शक्ती दे', म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गृहपाठ. दुसरा, देवाच्या नावाने शिव्याशाप. तीन-चार मिनिटांची मध्यस्थीची प्रार्थना लिहायची तर तिच्यात काय असावं, काय नसावं? कोर्टात केस चालू ठेवणं, साक्ष देणं हे क्षमेच्या आड येतं का? जाणकारांनी वचनांसकट लिहावं. सगळ्या पंथांची मतं चालतील.

उपासक_नगर

रोमकरांस पत्राचा बारावा आणि तेरावा अध्याय सलग वाचा. ही अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. प्रेषित पौलाने लिहिलं ते एकच पत्र. १२:१९ मध्ये तो म्हणतो, सूड तुम्ही घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. सहाच ओव्यांनंतर, १३:४ मध्ये, अधिकारी हा वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारा देवाचा सेवक आहे असं येतं. सूड माझ्या हातून काढून घेतला, पण तो हवेत सोडला नाही. एक भाग देवाकडे गेला, एक भाग शासनाकडे.

पौल स्वतः कसा वागला ते प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आहे. फिलिप्पैत त्याला आणि सीलाला चौकशीविना छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवले. त्याच रात्री ज्या बंदिशाळेच्या नायकाने खोडा घातला होता त्यानेच त्यांच्या जखमा धुतल्या आणि बाप्तिस्मा घेतला. त्याच्याबद्दल मनात तेढ नाही. पण सकाळी अधिकाऱ्यांनी 'यांना सोडून द्या' असा निरोप पाठवला तेव्हा पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं, आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, त्यांनी समजूत घातली. त्या शहरात नुकतीच उभी राहिलेली मंडळी मागे राहणार होती. तिच्यावर 'गुन्हेगारांचा पंथ' असा डाग राहू नये म्हणून हे उघड व्हायला हवं होतं, असं मला वाटतं.

२ तीमथ्य ४ मध्ये तर दोन्ही गोष्टी हाताच्या अंतरावर आहेत. चौदाव्या ओवीत आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याच्या कृत्यांप्रमाणे फेड करील. पंधराव्यात तीमथ्याला सावधगिरीचा इशारा. सोळाव्यात, पहिल्या सुनावणीला मला सोडून गेलेल्यांच्या बाबतीत हे त्यांच्या हिशेबी धरलं जाऊ नये. घाबरून पळालेल्यांना एक न्याय, मुद्दाम घात करणाऱ्याला दुसरा. पौल सगळ्यांना एका मापाने मोजत नाही.

कृपासागर

वचनं बरोबर आहेत, पण १ करिंथ ६:७ का वगळता? 'त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सहन करीत नाही?' असं पौलच विचारतो. प्रभूने एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करायला सांगितलं, रोमी सुभेदार पिलातापुढे तो गप्प राहिला, वधस्तंभावर 'यांना क्षमा कर' म्हणाला. विश्वासणाऱ्याने आशीर्वाद मागावा, न्याय देवावर सोपवावा आणि विषय संपवावा. रोज रोज न्याय मागत राहिलं की जखम रोज उकरली जाते.

उपासक_नगर

१ करिंथ ६ मधली भांडणं कसली? दुसऱ्याच ओवीत पौल त्यांना 'क्षुल्लक' बाबी म्हणतो, आणि सातव्या-आठव्यात फसवणूक, नाडणं येतं. भावाभावातली देण्याघेण्याची प्रकरणं ती. तिथेही तो निवाडा नको म्हणत नाही, मंडळीतल्या शहाण्या माणसाने निवाडा करावा म्हणतो. मारहाण, बलात्कार, खून यांना ते वचन लावता येत नाही. आणि जिथे जीव धोक्यात होता तिथे याच पौलाने कैसराकडे दाद मागितली (कृत्ये २५:११).

प्रभू नेहमी गप्प राहिला असंही नाही. योहान १८:२२-२३ पाहा. महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने उलट हात उचलला नाही, पण विचारलं: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?

जखम उकरली जाण्याचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. पण ती न्याय मागितल्याने उकरली जात नाही. रोज तोच प्रसंग मनात नव्याने रंगवल्याने उकरली जाते. प्रार्थनेची बांधणी नीट असेल तर हे टळतं.

बावखल

कॅथलिक बाजू मांडतो.

१९७१ नंतरच्या प्रहरप्रार्थनेतून, म्हणजे धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोज म्हणतात त्या स्तोत्रचक्रातून, ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण काढली आणि आणखी काहींतल्या शापाच्या ओळी गाळल्या. १३७ मधली बाळांना खडकावर आपटण्याची ओवी त्यातलीच. कारण दिलं ते मानसिक अडचणीचं: प्रार्थना करणाऱ्याला ते झेपत नाही. बायबलमधून अर्थातच काही गेलं नाही. मला वैयक्तिकरीत्या हे गाळणं पटत नाही. ज्याचं घर जाळलं गेलं त्याच्या तोंडचे शब्द काढून घेतले तर तो ते देवापुढे न बोलता दुसरीकडे कुठेतरी बोलणारच.

थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने तेराव्या शतकात या शापांचं वाचन कसं करावं ते सांगितलं आहे. हे शब्द इच्छा म्हणून नव्हे तर भाकीत म्हणून वाचावेत. किंवा माणसाविरुद्ध नव्हे तर पापाच्या सत्तेविरुद्ध. किंवा शिक्षेतून सुधारणा व्हावी म्हणून. वैऱ्यासाठी प्रार्थना करण्याबद्दल त्याने आखलेली रेघ मला फार उपयोगी वाटते. सर्वांसाठी जी प्रार्थना करतो तिच्यातून वैऱ्याला वगळायचं नाही, एवढं प्रत्येकावर बंधनकारक. त्याच्यासाठी खास, नाव घेऊन प्रार्थना करणं ही पुढची पायरी. ती जमली तर उत्तम, आज जमली नाही म्हणून पाप नाही. क्षमा न जमल्याने खचलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणीचं अधिकृत पुस्तक, त्यातले दोन परिच्छेद तर जवळ ठेवावेत. २८४३: दुखावल्याची भावना न येणं किंवा ते विसरून जाणं आपल्या हातात नाही, पण आत्म्याला वाहिलेलं अंतःकरण त्या जखमेची मध्यस्थी बनवतं. म्हणजे 'विसरलास का?' ही क्षमेची परीक्षाच नव्हे. आणि १४५९: पापमुक्ती मिळाली तरी झालेलं नुकसान भरून निघत नाही. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर ती पुसायची, इजेची भरपाई द्यायची. प्रायश्चित्त संस्कार म्हणजे देणं बुडवण्याची पळवाट नाही.

उपासक_नगर

भरपाईचं गणित जुन्या करारातच आहे. लेवीय ६:१-५: फसवून घेतलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा. मंडळीच्या निधीतून १ लाख रुपये उचलले असतील तर १ लाख २० हजार, आणि तेही दोषार्पणाच्या आधी. जकातदार जक्कयाने चौपट कबूल केलं (लूक १९:८). निर्गम २२:१ मध्ये मेंढरू चोरून कापलं वा विकलं तर हाच दर आहे. येशूने 'राहू दे, मी क्षमा केली आहे' म्हटलं नाही. 'आज या घराला तारण प्राप्त झालं' हे शब्द त्या कबुलीनंतरचे आहेत.

मृण्मयी

मूळ प्रश्नाकडे येते, प्रार्थना लिहायची कशी. सगळ्यात सुरक्षित साचा म्हणजे विलापस्तोत्राचा, आणि शिकायला स्तोत्र १३ पुरेसं. सहाच ओव्या. १-२ तक्रार ('कोठवर?' चार वेळा), ३-४ मागणी, ५-६ भरवसा. तक्रारीला एक तृतीयांश जागा आहे हे लक्षात घ्या. आपल्या प्रार्थनांमध्ये तक्रार एका वाक्यात उरकतात आणि लगेच भरवशावर उडी मारतात. मग ऐकणाऱ्या पीडिताला वाटतं, माझं दुःख कुणी उच्चारलंच नाही.

मध्यस्थीसाठी मी असा क्रम सुचवीन. आधी देवाला न्यायाधीश आणि पिता, दोन्ही नावांनी हाक. मग घडलं ते साध्या शब्दांत, विशेषणं न लावता. 'नराधम', 'सैतानाची माणसं' हे शब्द आले की प्रार्थना देवाकडे न जाता पलीकडच्या बाकावर जाऊन पडते. त्यानंतर नेमकी मागणी: सत्य बाहेर यावं, साक्षीदार सुरक्षित राहावेत, तपास नीट व्हावा, नुकसान भरून निघावं. मग अन्याय करणाऱ्यासाठी एक मागणी, तीही नेमकी: त्याला आपलं कृत्य दिसावं, त्याने कबूल करावं, पुन्हा कुणावर हात टाकू नये. मग आपली स्वतःची कबुली, आम्ही पाहून गप्प राहिलो त्याबद्दल. शेवटी सूड सोडून दिल्याचं एक वाक्य. साधारण नव्वद शब्द, सावकाश म्हटलं तर दीडेक मिनिट. उदाहरणार्थ:

'हे न्यायी देवा, आमच्या पित्या, आमच्यातल्या एका घराचं हक्काचं होतं ते हिरावलं गेलं आहे, आणि दाद मागायला गेल्यावर त्यांना धमकावलं गेलं आहे. प्रभू, कोठवर? जे झाकलं आहे ते उघड कर. जे साक्ष देणार आहेत त्यांना सांभाळ. निवाडा करणाऱ्यांना लाच आणि भीती यांपासून दूर ठेव. ज्यांनी हे केलं त्यांना झोपेत नव्हे, जागेपणी त्यांचं कृत्य दाखव. कबूल करण्याचं आणि परत देण्याचं धैर्य त्यांना दे. आम्ही हे पाहत होतो आणि बोललो नाही, आम्हांला क्षमा कर. फेड करणं तुझं आहे. ते आम्ही तुझ्या हाती देतो, आणि आमचे हात त्यापासून मागे घेतो. येशूच्या नावाने. आमेन.'

यात 'या कुटुंबाने क्षमा केली आहे' असं वाक्य नाही, ते मुद्दाम. क्षमा ज्याची त्याने करायची. व्यासपीठावरून दुसऱ्याच्या वतीने ती जाहीर करणं हा प्रार्थनेतला सगळ्यात मोठा घोळ आहे. आरोपीच्या वकिलाने उद्या तेच वाक्य तडजोडीसाठी पुढे केलं तर काय करणार?

बावखल

उत्तम. मिस्सामधल्या श्रद्धावंतांच्या विनंत्यांसाठी हीच प्रार्थना तीन छोट्या विनंत्यांमध्ये तोडावी: पीडितांसाठी, न्याय देणाऱ्यांसाठी, अन्याय करणाऱ्यांसाठी, आणि प्रत्येकीनंतर 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक'. तिसरी विनंती लोक गाळतात. ती गाळू नका.

नावं घेऊ नका, ना पीडिताचं ना आरोपीचं. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं कायद्यानेही गुन्हा आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर 'अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्यावर...' असा संदेश टाकणं त्याच जातीचं.

शब्दवेल

मृण्मयीताई, ही प्रार्थना जशीच्या तशी उतरवून घेतली. आता उरलेला अर्धा प्रश्न: क्षमा केली म्हणजे पुन्हा एका ताटात जेवायचं का? पाळक मंडळी मत्तय १८ दाखवून दोघांना समोरासमोर बसवतात, त्याचं काय?

मृण्मयी

चार गोष्टी वेगळ्या धरा: सूड सोडणं, समेट, विश्वास आणि शिक्षेतली सूट. पहिली एकट्याने करता येते, समोरचा पश्चात्ताप करो न करो. दुसरीला दोघं लागतात. लूक १७:३ मध्ये 'त्याला दोष दाखव' आधी, 'पश्चात्ताप केला तर क्षमा कर' नंतर. तिसऱ्या गोष्टीला वेळ लागतो. योसेफाने भावांना ओळखलं तेव्हा तो एकांतात रडला, धान्य दिलं, त्यांचे पैसे गोणीत परत ठेवले, पण ओळख दिली नाही. दुसऱ्या फेरीत बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्याने पाहिलं: धाकट्या भावाला हे पुन्हा टाकून जातात का? ज्याने योसेफाला विकायचं सुचवलं होतं तोच यहूदा 'याच्याऐवजी मला गुलाम ठेवा' म्हणाला, तेव्हा योसेफाला बांध आवरला नाही (उत्पत्ती ४२ ते ४५). चौथी गोष्ट शासनाच्या हातातली.

मत्तय १८:१५-१७ ची पायरी, म्हणजे आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी, ही बरोबरीच्या भावांसाठी आहे. जिथे एकाच्या हातात सत्ता आणि दुसऱ्याच्या अंगावर जखम आहे तिथे 'एकांतात भेट' म्हणजे पीडिताला पुन्हा त्याच खोलीत ढकलणं. मूल गुंतलं असेल तर विचार करायला जागाच नाही: पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, कुणीही सुटत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फलकावर लावून ठेवा. घरात मारहाण असेल तर संरक्षण अधिकारी आणि १८१ हा महिला मदत क्रमांक. 'क्षमा करून सासरी परत जा' हा सल्ला मागे घ्या. दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला क्षमा केली, पण तो त्याच्या वाड्यात परत राहायला गेला नाही.

उपासक_नगर

दावीदाचं नाव निघालं म्हणून. एन-गेदीच्या गुहेत शौल त्याच्या हाती सापडला होता. त्याने झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. बाहेर येऊन तो काय म्हणाला? परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो, त्याने तुझं पारिपत्य करावं, पण माझा हात तुझ्यावर पडणार नाही (१ शमुवेल २४:१२). या धाग्याचा सगळा प्रश्न आणि उत्तर त्या एका ओवीत आहे.

प्रकटीकरण ६:९-१० पण पाहा. वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून 'कोठवर?' विचारत आहेत, आमच्या रक्ताचा सूड घे म्हणत आहेत. त्यांना कुणी गप्प केलं नाही. शुभ्र झगा दिला आणि थोडं थांबा म्हटलं. स्वर्गात पोहोचलेल्यांना जी मागणी पाप ठरत नाही ती आपल्याला कशी ठरेल?

कृपासागर

वेदीखालच्या आत्म्यांचा मुद्दा मी मान्य करतो. पण प्रत्यक्षात क्षमा आणि न्याय दोन्ही जपलेले लोक दिसतात का?

बावखल

आपल्याच देशात दिसतात. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप (१०), तिमथी (६) या त्यांच्या मुलांना गाडीत जाळलं गेलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, पण क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. खटला चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी, २००५ मध्ये उच्च न्यायालयात जन्मठेप, जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपच कायम केली. २००४ पर्यंत ग्लॅडिस बारीपद्यात कुष्ठरुग्णांत राहिल्या.

दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. मध्य प्रदेशात उदयनगरला भूमिहीनांना संघटित करत होत्या; २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, यांनी तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंगला राखी बांधली. तेव्हा तो शिक्षा भोगतच होता. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने शब्द टाकला, तो २००६ मध्ये सुटला. क्रम पाहा: गुन्हा सिद्ध, पश्चात्ताप, मग सुटकेची विनंती. आणि भूमिहीनांचं काम थांबलं नाही, ती खरी दाद.

मृण्मयी

सुटकेवरून एक जोड. शिक्षा कमी करा म्हणणंही न्यायाच्या प्रार्थनेत बसतं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने इ. स. ४१२ च्या सुमारास मार्सेलिनस या रोमी अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: आमच्या धर्मगुरूला मारणाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आहे, पण जसं त्यांनी केलं तसं त्यांचं करू नका, त्यांना रोखा, कामाला लावा, जीव घेऊ नका. सोडून द्या असं तो म्हणत नाही.

बावखल

आणि ऑगस्ट २०१८ पासून कॅटेकिझमच्या २२६७ मध्ये मृत्युदंड अस्वीकार्य म्हटला आहे. कॅथलिकाने 'त्याला फाशी होऊ दे' ही विनंती मिस्सामध्ये लिहू नये. प्रॉटेस्टंट मंडळींत यावर एकमत नाही.

माळरान

उशिरा आलो. इथे सगळे 'तो माणूस' धरून बोलत आहेत. जालना-नगरकडच्या दलित ख्रिस्ती कुटुंबाला विचारा, तुझा अपराधी कोण? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. मांगवाड्यातला एक भाऊ दर्जात आहे, बाप्तिस्मा घेतलेला दुसरा नाही. क्षमा कुणाला करायची, राजपत्राला?

इथे क्षमेची भाषा आधी आणूच नये. इथे आमोस ५:२४, 'न्याय पाण्यासारखा वाहो', आणि लूक १८ मधली ती विधवा. मागणी नेमकी ठेवावी, जसं मृण्मयीताईंनी सांगितलं: कायदा बदलू दे, या दर्जाचा प्रश्न तपासणाऱ्या आयोगापुढे खरी माहिती जाऊ दे. १० ऑगस्टच्या जवळच्या रविवारी अनेक मंडळ्या ही प्रार्थना घेतात, तिथे अर्ज-निवेदनाची प्रत वेदीपाशी ठेवावी, नुसती प्रार्थना नको.

आणि कबुली मोठी हवी. नहेम्या १:६-७ मध्ये तो 'मी व माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं' म्हणतो, स्वतः बंदिवासात जन्मलेला असून. मंडळीत जात पाळली जाते, दफनभूमीत वेगळी रांग असते, लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारतात. कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं त्यात चर्चमधल्या या भेदाची कबुली आहे. ती रविवारच्या प्रार्थनेत उतरली पाहिजे. सरकारकडे न्याय मागताना आपल्या दफनभूमीतली रांग तशीच ठेवली तर यशया १:१५ आपल्यालाच लागू: तुम्ही कितीही विनवण्या केल्या तरी मी ऐकणार नाही.

शब्दवेल

माळरान, ही बाजू माझ्या मूळ प्रश्नातच नव्हती, ती आणल्याबद्दल मनापासून आभार. कबुलीचा भाग त्या प्रार्थनेत वाढवते. शेवटचं विचारते: स्तोत्र १०९ एकांतात म्हणावं का, आणि कसं?

उपासक_नगर

म्हणावं, पण पूर्ण, ३१ ओव्या. नुसत्या ६ ते १९ म्हणून थांबू नये. चौथ्या ओवीत तो म्हणतो, माझ्या प्रेमाच्या बदल्यात ते मला विरोध करतात, मी तर प्रार्थनेत आहे. शाप त्यानंतर येतात. काही अभ्यासकांच्या मते ६ ते १९ हे वैऱ्यांनी त्याला दिलेले शाप आहेत आणि तो ते देवाला ऐकवतो आहे. तसंही वाचून पाहा. २१ पासून 'तू मात्र' म्हणत तो देवाकडे वळतो. २८ व्या ओवीत, ते शाप देवोत, तू आशीर्वाद दे.

मोठ्याने म्हणा. ज्या ओवीत आवाज चढतो तिथे थांबा, राग तिथे आहे. त्या ओवीत माणसाचं नाव घालू नका, त्याचं कृत्य घाला. १९३७ मध्ये नात्सी पाळकांना तुरुंगात टाकत होते तेव्हा जर्मन पाळक बोनहोफरने स्तोत्र ५८ वर प्रवचन दिलं. त्याचं म्हणणं, हे स्तोत्र निर्दोष माणसालाच म्हणता येतं, म्हणून ते ख्रिस्ताच्या मागे उभं राहून म्हणावं. शेवटी लगेच 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणा, सावकाश. क्षमेच्या ओळीपाशी जीभ अडली तर तिथेच थांबा, उरलेलं उद्या. अडली ही गोष्टही देवाला सांगा.